मोल देऊन सोडविलेले : गोदाकाठच्या शरणपूरची कथा

नाशिकचे घाट आणि देवळे मागे टाकून गोदावरी पूर्वेकडे निघाली, की काही मैलांवर एकलहरे लागते. औष्णिक वीजकेंद्राच्या उंच धुराड्यांमुळे हे गाव दुरून ओळखू येते. वीजकेंद्राच्या निमित्ताने महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. आम्ही एकलहरेकर ज्या नदीचे शेजारी आहोत, त्या नदीच्या काठाला मुक्तीची भाषा नवी नाही. दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो आणि लक्षावधी माणसे पापक्षालनाची व मोक्षाची आस मनात धरून नाशिकला येतात. मनुष्याला आपण बांधलेले आहोत असे कोठेतरी जाणवते आणि त्या बंधनातून सुटण्याची ओढ त्याला लागते, एवढे तरी त्या अफाट गर्दीकडे पाहून कोणालाही उमगावे.

आपण ख्रिस्ती लोक या सुटकेला ‘तारण’ म्हणतो. दर रविवारी पवित्र मिस्सात तो शब्द आपल्या कानी पडतो, प्रार्थनांतून आपण तो उच्चारतो, मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवितो. परंतु फार वापरलेल्या नाण्यावरील छाप पुसट व्हावा, तसे या शब्दाचे झाले आहे. देवाने आपल्यावर प्रीती केली, आपल्या पुत्राला पाठविले आणि आपले तारण केले, हे आपण सहज बोलून जातो. ज्याला कधी कोणी बांधले नाही, त्याला सोडवणुकीचे मोल कसे कळावे?

ते मोल ज्यांना पुरते ठाऊक होते, अशी काही माणसे एकोणिसाव्या शतकात याच गोदाकाठी, आजच्या नाशिक शहरातील शरणपूर येथे राहून गेली. त्यांची कथा आपल्या कुटुंबांत फारशी सांगितली जात नाही. ती सांगावी, या हेतूने हा लेखनप्रपंच.

तारण या शब्दाची दोन अंगे

कथेकडे वळण्यापूर्वी शब्दाचा थोडा विचार करू. मराठीत ‘तारण’ या शब्दाला दोन अंगे आहेत. बुडत्याला तारणे, पैलतीरी नेणे हे एक. दुसरे अंग व्यवहारातले आहे. कर्ज काढताना शेतकरी जमीन तारण ठेवतो, गृहिणी अंगावरचे सोने तारण ठेवते. ऋण फिटेपर्यंत ती वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात राहते. कोणीतरी मोल भरल्याखेरीज ती सुटत नाही.

पवित्र शास्त्राची भाषाही या व्यवहारी अर्थाच्या जवळची आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात असा नियम आहे, की एखादा इस्राएली मनुष्य दारिद्र्यामुळे परक्याला विकला गेला, तर त्याच्या भाऊबंदाने मोल देऊन त्याला सोडवावे. अशा सोडविणाऱ्या आप्ताला हिब्रू भाषेत ‘गोएल’ म्हणतात. रूथच्या ग्रंथातील बवाज हा असाच सोडविणारा आप्त. पुढे संदेष्ट्यांनी हाच शब्द प्रत्यक्ष देवासाठी वापरला. जो सोडवितो तो परका नाही, तो आपल्या रक्ताचा आहे, ही त्या शब्दातील मुख्य गोष्ट होय. देवाच्या पुत्राने देह धारण केला, याचा अर्थ या प्रकाशात पाहावा. आपल्याला सोडविण्याचा अधिकार मिळावा म्हणून तो प्रथम आपला भाऊबंद झाला. संत पौलाने करिंथकरांना ते मोलाने विकत घेतलेले आहेत याची आठवण करून दिली, तेव्हा त्याच्या श्रोत्यांत खरेखुरे गुलाम होते. बाजारात माणसाची किंमत कशी ठरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात काहींनी ही भाषा शब्दशः जगून दाखविली. संत पीटर नोलास्को यांनी १२१८ साली बार्सिलोना येथे जो संघ स्थापिला, त्याच्या व्रतस्थांनी ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञापालन यांच्या जोडीला एक चौथे व्रत स्वीकारले. बंदिवानाची श्रद्धा धोक्यात असेल आणि खंडणी पुरत नसेल, तर त्याच्या जागी स्वतः ओलीस राहावयाचे. म्हणजे माणसानेच माणसासाठी तारण व्हावयाचे. क्रूसाचा अर्थ यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणे कठीण आहे.

शरणपूरची वसाहत

आता नाशिककडे वळू. इंग्लंडमधील अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मगुरू विल्यम साल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास नाशिकच्या वेशीबाहेर एक ख्रिस्ती वसाहत वसविली आणि तिचे नाव शरणपूर ठेवले. ख्रिस्ती झाल्यामुळे घरदार व गोत तुटलेल्या एतद्देशीयांना आसरा मिळावा, हा तिचा पहिला उद्देश. परंतु थोड्याच वर्षांत तिच्या दारात अगदी निराळे शरणार्थी येऊन उभे राहिले.

त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार जोरात चालला होता. आतल्या मुलुखातील गावांवर धाडी पडत. माणसे साखळदंडांत जखडून किनाऱ्यावर आणली जात, झांझिबारच्या बाजारात विकली जात आणि गलबतांत कोंबून अरबस्तान व इराणी आखाताकडे रवाना होत. या व्यापाराला आळा घालण्यासाठी ब्रिटिश आरमाराची जहाजे समुद्रात गस्त घालीत. पकडलेल्या गलबतांतून जी माणसे सुटत, त्यांतील अनेकांना मुंबईस उतरवीत. त्यांत मुले पुष्कळ असत. त्यांचे गाव कोणते, आईबाप जिवंत आहेत की नाहीत, याचा पत्ता लागणे अशक्यच. या मुलामुलींपैकी कित्येकांची रवानगी शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात झाली.

येथे ती लिहावाचावयास शिकली. मुलांना सुतारकाम व लोहारकाम यांसारखे धंदे शिकविण्यात आले. मराठी मुलुखाच्या हवापाण्यावर ती वाढली आणि येथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना जॉन, याकोब, मॅथ्यू अशी ख्रिस्ती नावे मिळाली आणि त्यांपुढे वेलिंग्टन, जोन्स, वेनराइट अशी इंग्रजी आडनावे जोडली गेली. मॅथ्यू वेलिंग्टन या नावाने प्रसिद्धीस आलेल्या मुलाचे मूळ नाव चेंग्विंबे होते. आईने ठेवलेले नाव मागे पडावे, ही त्या उपकारातील एक उणीव होय आणि इतिहास लिहिताना ती झाकून चालणार नाही.

शवाचे ओझे

प्रसिद्ध प्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ साली मुंबई इलाख्यात आले होते. आफ्रिकेच्या पुढील प्रवासासाठी त्यांना सोबती हवे होते. शरणपूरच्या नऊ तरुणांनी त्यांच्याबरोबर जाण्याची तयारी दर्शविली आणि १८६६ च्या जानेवारीत ते मुंबईहून निघाले. त्या सर्वांनाच तो खडतर प्रवास झेपला असे नाही. काही वाटेतच गळाले, काही मरण पावले. १८७२ साली मदतीसाठी जी नवी तुकडी लिव्हिंगस्टन यांच्याकडे पाठविण्यात आली, तीत पुन्हा नाशिकचे तरुण होते. याकोब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांपैकी दोघे.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबो या मुखियाच्या गावी लिव्हिंगस्टन मरण पावले. त्यांच्या सोबत्यांना तेथेच शव पुरून मोकळे होता आले असते. मालक मरण पावला होता, मुलुख परका होता आणि त्यांना जाब विचारणारे कोणी जवळपास नव्हते. पण त्यांनी निराळेच ठरविले. मृताचे हृदय त्यांनी तेथील एका झाडाखाली पुरले. अंत्यविधीच्या प्रार्थना याकोब वेनराइट यांनी वाचल्या आणि झाडाच्या बुंध्यावर नाव व तारीख त्यांनीच कोरली. मग शव मीठ लावून उन्हात वाळविले, झाडाच्या सालीत गुंडाळले आणि ते खांद्यावर घेऊन ती मंडळी समुद्राच्या दिशेने चालू लागली. चुमा आणि सुसी हे त्यांचे म्होरके होते. हजार मैलांहून अधिक वाट, तीही आजारपणाने आणि भुकेने ग्रासलेली. मध्यंतरी लिव्हिंगस्टन यांच्या मदतीला निघालेला इंग्रज अधिकारी कॅमेरॉन त्यांना भेटला आणि शव येथेच पुरा असा सल्ला त्याने दिला. त्यांनी तो मानला नाही.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ही मंडळी बागामोयो या किनाऱ्यावरच्या गावी पोहोचली. येथे कॅथलिक वाचकांस जिव्हाळ्याची वाटेल अशी एक गोष्ट घडली. बागामोयो येथे पवित्र आत्मा संघाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी १८६८ पासून मिशन चालविले होते. गुलामांच्या बाजारातून मुलांना मोल देऊन सोडवावयाचे आणि मिशनच्या छायेत वाढवावयाचे, हे त्यांचे प्रमुख कार्य होते. अशा खरेदीमुळे व्यापाऱ्यांचाच गल्ला भरतो, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण समोर साखळीत उभ्या असलेल्या मुलाला अर्थशास्त्र सांगून परत धाडणे त्या धर्मगुरूंना शक्य झाले नाही. याच मिशनमध्ये लिव्हिंगस्टन यांचे शव विसावले. शव स्कॉटिश प्रॉटेस्टंटाचे, ते वाहून आणणाऱ्यांत नाशिकच्या अँग्लिकन आश्रमात वाढलेले मुक्त गुलाम आणि त्याला आसरा देणारे कॅथलिक धर्मगुरू. ख्रिस्ती ऐक्यावरील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा आदेश १९६४ साली निघाला. नव्वद वर्षांपूर्वी बागामोयो येथे तो आदेश आधीच पाळला गेला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये लिव्हिंगस्टन यांचे दफन झाले. शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरचे याकोब वेनराइट होते. गुलामांच्या टोळीतून सुटून गोदाकाठी वाढलेला हा तरुण इंग्लंडच्या थोरामोठ्यांच्या पंक्तीत उभा राहिला. पुढे ते आफ्रिकेत परतले आणि १८९२ साली तेथेच निवर्तले. मॅथ्यू वेलिंग्टन दीर्घायुषी ठरले. त्यांचे निधन १९३५ साली झाले.

मुक्तांनी इतरांस मुक्त केले

एवढ्यावरच ही कथा संपली असती, तर ती स्वामिनिष्ठेची कथा ठरली असती. आम्हांस तिच्यातील पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो.

१८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. यापुढे सुटलेल्या गुलामांना आफ्रिकेतच वसविणे शक्य झाले. शरणपूरचे संस्थापक प्राइस यांच्यावर ते काम सोपविण्यात आले आणि मोंबासाजवळ १८७५ मध्ये फ्रियरटाउन ही वसाहत उभी राहिली. शरणपूरचे अनेक आफ्रिकन स्त्रीपुरुष तेथे शिक्षक, कारागीर व धर्मप्रचारक म्हणून गेले. तेथील लोक त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागताच फ्रियरटाउनची घंटा वाजविली जाई. मोंबासाचा तो भाग त्या घंटेवरून आजही केंगेलेनी म्हणून ओळखला जातो.

या बॉम्बे आफ्रिकनांमध्ये विल्यम जोन्स हे एक होते. मोंबासाजवळच्या रबाई येथील मिशनचा कारभार ते पाहात. आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रात्री-अपरात्री रबाईला येत आणि आसरा मागत. कायद्याने गुलाम ही मालकाची मालमत्ता होती. पळालेल्यांना आश्रय देऊ नये, असा मिशनचा रीतसर नियम होता. मालक सशस्त्र माणसे घेऊन चालून येण्याच्या धमक्या देत. नियम पाळावा तर समोरच्या माणसाला चाबकाच्या स्वाधीन करावे लागणार. विल्यम जोन्स स्वतः कधीकाळी त्याच साखळीत होते. रबाईचे दार बंद झाले नाही. आलेल्यांना जमीन मिळाली, त्यांनी झोपड्या बांधल्या, शेती केली, आणि पाहता पाहता रबाईची वस्ती शेकड्यांनी वाढली.

१८८८ साली प्रकरण हातघाईवर आले. मालकांनी आपले गुलाम परत मागितले. तेव्हा ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे प्रशासक जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना मोबदला देऊन तडजोड घडवून आणली. कंपनीला त्या मुलुखात शांततेने व्यापार करावयाचा होता, हे तिचे कारण उघडच आहे. परंतु परमेश्वर माणसांच्या संमिश्र हेतूंतूनही आपले कार्य साधतो. १ जानेवारी १८८९ रोजी रबाई येथे सुमारे १,४०० स्त्रीपुरुषांना मुक्ततेचे दाखले देण्यात आले. त्यांचे मोल दुसऱ्या कोणीतरी भरले होते. त्यांनी हात पुढे करून फक्त तो कागद घ्यावयाचा होता.

देवाची कृपा म्हणजे काय, असा प्रश्न मुले विचारतात तेव्हा आपण अडखळतो. रबाईचे ते हात त्यांना दाखवावेत. ज्यांच्याजवळ देण्यासारखे काहीही नव्हते, त्यांना तो कागद मिळाला. आणि तो मिळण्याआधी कित्येक वर्षे शरणपूरच्या एका माणसाने त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले होते.

विल्यम जोन्स आणि त्यांचे सहकारी इश्माएल सेम्लर यांना १८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी डीकनपदाची दीक्षा दिली. पूर्व आफ्रिकेच्या अँग्लिकन मंडळीतील आरंभीच्या दीक्षित आफ्रिकनांपैकी ते दोघे. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे जाताना मारले गेले. त्या प्रवासात त्यांच्याबरोबर असलेल्या जोन्स यांनी वाचलेल्या मंडळींना सुखरूप परत आणले. एवढे करूनही युरोपीय मिशनऱ्यांच्या बरोबरीचे स्थान मिळविण्यासाठी त्यांना झगडावे लागले. साखळदंड तुटले तरी उच्चनीचतेची बेडी सहजासहजी तुटत नाही, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको.

आपल्या घरातील हिशेब

ही कथा प्रॉटेस्टंट मिशनची आहे, तिच्याशी कॅथलिक कुटुंबांचा काय संबंध, असे कोणी विचारील. आधी आपल्या घरातील हिशेब प्रामाणिकपणे मांडू. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. मराठी माणसाला तारणाची संपूर्ण कथा त्याच्या भाषेत सांगणारा तो महान ग्रंथ. परंतु ज्या गोव्यात तो छापला गेला, त्याच गोव्यात पोर्तुगीज ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी विकत आणलेले गुलाम राबत होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून त्यांना आणणारेही ख्रिस्तीच होते. तारणहाराची ओवी आणि माणसांचा बाजार एकाच नगरीत नांदत होते.

दुसऱ्या बाजूस संत पीटर क्लेव्हर यांच्यासारखे येशूसंघीय होते. दक्षिण अमेरिकेतील कार्ताहेना बंदरात गुलामांची जहाजे लागली, की अन्नपाणी व औषधे घेऊन ते तळघरात उतरत. १६५४ साली निधन होईपर्यंत त्यांनी हेच केले. पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा जाहीर धिक्कार केला आणि १८८८ साली पोप तेरावे लिओ यांनी गुलामगिरीविरुद्ध परिपत्रक काढले. पोप दुसरे जॉन पॉल १९९२ साली सेनेगलच्या गोरे बेटावर गेले आणि या व्यापारात सहभागी झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या पापाबद्दल त्यांनी तेथे क्षमा मागितली. सुदानमधील गुलाम मुलगी पुढे सिस्टर जोसेफीन बखिता झाली आणि २००० साली तिला संतपद जाहीर झाले. ख्रिस्तसभा अशी पापी आणि पवित्र, दोन्ही माणसांची बनलेली आहे. देवाच्या वचनाची सत्यता आपल्या वर्तनावर अवलंबून नाही, हे आपले भाग्य. पण ते वचन जगाला खरे वाटावे की नाही, हे मात्र आपल्या वर्तनावर पुष्कळसे अवलंबून आहे.

१९८७ साली नाशिक स्वतंत्र धर्मप्रांत झाला. एकलहऱ्यापासून शरणपूर फार दूर नाही. नाशिक शहरातील शरणपूर रोडवरून आपण खरेदीला जातो, दवाखान्यात जातो, मुलांना परीक्षेला नेतो. त्या नावातील ‘शरण’ हा शब्द मात्र आपल्या ध्यानात येत नाही. शरण जाणे ही दुबळ्याची कृती आहे असे आपण समजतो. ज्यांना तेथे शरण मिळाली, त्यांनी पुढे शेकडोंना शरण दिली. देवाच्या प्रीतीची खूण हीच असावी. ती ज्याला लाभते, त्याच्यापाशी ती थांबत नाही.

आपल्या देशात वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. तरीही उचल फिटत नाही म्हणून वीटभट्टीवर वा उसाच्या फडात अडकून पडलेली कुटुंबे आपल्याच महाराष्ट्रात आढळतात. त्यांनी आपले घाम गाळणारे हातच तारण ठेवलेले असतात. आपल्याही घरी कामाला येणाऱ्या बाईचे नाव आपल्याला ठाऊक असते. तिच्या डोक्यावरील कर्ज किती आणि कोणाचे, हे आपण कधी विचारले आहे काय? धर्मग्रामातील एखाद्या संघाने, एखाद्या कुटुंबाने असे एक ऋण जरी फेडले, तरी तारणाचा पाठ मुलांना पुस्तकाविना समजेल.

पास्काच्या रात्री मेणबत्ती हाती घेऊन आपण जे घोषगीत ऐकतो, त्यात दासाच्या सुटकेसाठी पुत्राच्या दानाचे स्मरण केलेले असते. यापुढे ते ऐकताना गोदाकाठच्या त्या आफ्रिकन मुलामुलींनाही आपल्या शेजारी उभे असलेले मानावे. आपण आणि ते एकाच मोलाने सोडविलेले आहोत. ते मोल ज्याने भरले, त्याने आपल्याकडून परतफेड मागितली नाही. दार उघडे ठेवा, एवढेच त्याचे मागणे आहे.